सावरखेड–सुरत, उणे एकतीस

तोट्यातल्या गाडीला सरकारने पैसे का द्यावेत, हा प्रश्न जुना होता आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं होतं: लोकांना गरज आहे. किती गरज, असं कोणी विचारलं की उत्तर देणारा घसा खाकरायचा आणि गरीब जनता, विद्यार्थी, रुग्ण असं म्हणून खाली बसायचा. तेवढ्यावर वर्षाचा निधी सुटत असे. मग दोन हजार एकेचाळीस साली प्रवास-फरक आयोग आला आणि घसा खाकरायची सोय गेली.

आयोगाची युक्ती ऐकायला सोपी होती. प्रत्येक प्रवाशाची संगणकात एक जोडप्रत करायची. फोन, विजेचं मीटर, दुकानातली खरेदी, मनगटावरच्या पट्टीने टिपलेली झोप आणि नाडी, दवाखान्याचे कागद, पोरांचे मार्क, या सगळ्यांतून यंत्र माणूस शिकतं. इतका शिकतं, की उद्या तो कोणत्या दुकानातून साबण घेईल हे त्याच्या बायकोआधी सांगतं. मग त्या जोडप्रतीला अशा जगात सोडायचं जिथे बाकी सगळं आहे, फक्त ती एक गाडी नाही. तिथे तिचं वर्ष हजार वेळा चालवायचं आणि सरासरी काढायची. इकडे गाडी असलेला खरा माणूस, तिकडे गाडी नसलेली त्याची प्रत. दोघांच्या, आणि तो ज्यांच्याकडे जातो त्यांच्याही, भल्याबुऱ्याची वजाबाकी म्हणजे ‘फरक’. गाडीतल्या सगळ्यांच्या फरकांची बेरीज आयोगाच्या रेषेवर गेली की तीन वर्षांचा निधी. खाली राहिली की रूळ तिथेच, गाडी नाही.

सावरखेडला ही बातमी आली तेव्हा पेढे वाटले गेले. सावरखेड–सुरत एक्सप्रेस आठवड्यातून तीनदा सुटते, सोळा तास घेते आणि तिच्याशिवाय गावाचं पान हलत नाही, अशी गावाची पक्की समजूत होती. पहिल्या मोजणीचा निकाल लागला आणि पेढ्यांची चव गेली. गाडी रेषेच्या एकशे चाळीस एककं खाली होती. सहा महिन्यांनी दुसरी, शेवटची मोजणी.

गाडी बचाव समितीची बैठक झांबडशेठच्या लॉजवर भरली. लॉज स्टेशनसमोरच असल्यामुळे शेठ अध्यक्ष होते. सचिव होते विश्राम सरोदे. वय चौसष्ट, पत्नी वारलेली, एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. चौतीस वर्षं सावरखेडच्या तिकीट खिडकीत काढल्यामुळे त्यांना माणसाशी बोलण्याची एकच पद्धत येत होती: कुठे, कधी, किती जण, का.

आयोगाच्या निकालात एक गोष्ट कोणाच्याच मनात न आलेली होती. काही प्रवाशांचे फरक उणे होते. म्हणजे गाडी नसती तर त्यांचं, किंवा ते ज्यांच्या दारात जाऊन उतरतात त्यांचं, जास्त बरं झालं असतं. असे एकोणीस होते आणि त्यांची बेरीज उणे एकशे सत्तर होती.

“म्हणजे या एकोणीस जणांनी घरी बसावं, की गाडी वाचली!” झांबडशेठ म्हणाले. “पण आहेत कोण हे? यादीत नावं नाहीत.”

नावं नव्हती. आयोगाने खबरदारी घेतली होती. वय, बर्थ, तारखा आणि आकडा, एवढंच छापलं होतं. पण खबरदारी घेणारे दिल्लीतले होते आणि यादी वाचणारा खिडकीत बसलेला होता.

“दर दोन महिन्यांनी, अमावास्या टाळून, पन्नाशीची बाई, चपला चोरीला जातात म्हणून वरचाच बर्थ मागणारी,” सरोदेंनी बोट ठेवलं. “इंदू खंडारे. हा परीक्षेचा हंगाम बघून जाणारा, ठाकऱ्यांचा धाकटा. आणि हे दोघं एकाच तारखेचे पण वेगवेगळ्या डब्यांतले... यांच्या घरी मी जाणार नाही, शेठ, तुम्ही जा.”

“सरोदे, तुम्ही चित्रगुप्त आहात, चित्रगुप्त!”

सरोदे सुखावले. बोट खाली सरकत सतराव्या ओळीवर आलं आणि थांबलं. पुरुष, साठीपुढचा. दर महिन्याचा दुसरा शुक्रवार. खालचा बर्थ, दाराजवळचा नको. उणे एकतीस. यादीतला सर्वांत मोठा आकडा.

“हा कोण?” शेठनी विचारलं.

“अकोल्याकडचा कोणी व्यापारी असेल,” सरोदे म्हणाले. “याचं मी बघतो.”

घरी जाताना त्यांनी हिशोब केला. बाकीचे अठरा थांबले तर एकशे एकोणचाळीस भरून निघत होते. एकाने कमी. सतराव्याला थांबावंच लागणार होतं. किंवा दुसरी एक वाट होती, तीही नियमावलीत होती. पाहुणा ज्याच्याकडे जातो त्या यजमानाला आयोग नोटीस पाठवायचा. तीस दिवसांत यजमानाने शपथेवर लिहून दिलं की ‘या व्यक्तीच्या येण्याने माझ्या घराचं भलं होतं’, तर ती उणे आकड्यावरची हरकत धरून आकडा पुसला जायचा. फोनवर एक बटण दाबायचं, अंगठा लावायचा, झालं. सरोदेंना वाटलं, लेकीच्या, शलाकाच्या फोनवर नोटीस गेली असेल. आज नाही तर उद्या ती दाबेलच.

इंदू खंडारे अंगणवाडीत मदतनीस होती. दारात अध्यक्ष आणि सचिव बघून तिने पदर खोचला.

“आज दोघंबी? इलेक्शन लागलं का?”

झांबडशेठ बसले नाहीत. “इंदूबाई, गावाच्या भल्याची गोष्ट आहे. सुरतला जाणं जरा थांबवा.”

“कायले?”

“तुमच्या जाण्याने गाडीला तोटा होतो.”

“तिकीट काढून जाते ना मी. फुकट जाते का? इचारा सरोदेभाऊले.”

“तिकिटाचा तोटा नाही,” सरोदे समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही भावाकडे जाता. तिथे तुमच्या जाण्याने त्यांचं जितकं भलं होतं, त्यापेक्षा वाईट जास्त होतं. बारा एककं.”

“मी तं पापड नेते. ठेचा नेते. वहिनीचे पाय चेपून देते.”

“पापड धरले आहेत, इंदूबाई. पापड धरूनच बारा.”

शेठना हसू आवरेना, म्हणून ते अंगणातल्या तुळशीकडे बघू लागले.

“माह्या भावानं सांगतलं का हे?” इंदूने विचारलं.

“भाऊ कशाला सांगेल? भाऊ तर ये म्हणतच असेल.”

“म्हणते ना. दर फोनले म्हणते.”

“तेच. म्हणणं वेगळं.” सरोदेंनी तिला यजमानाच्या हरकतीचा नियम सांगितला. तिच्या भावाने बटण दाबलं तर आकडा पुसला जाईल. “नोटीस जाऊन अठरा दिवस झाले. अजून दाबलेलं नाही.”

इंदू खाली बसली. तिने विचारलं, “हे बारा वहिनीचे का एकट्या भावाचे?”

“तेवढं खोलात देत नाहीत.”

“द्यायले पायजे होतं,” ती म्हणाली. “वहिनीचे असते तं मी गेली असती.”

अठराच्या अठरा घरी असंच झालं. आठ जणांच्या यजमानांनी हरकत घेतली, त्या आठ घरांत गोडधोड झालं. दहा जणांच्या यजमानांनी घेतली नाही. त्या दहा जणांनी समितीला सांगितलं, नाहीतरी आम्ही जाणं सोडणारच होतो. सरोदे प्रत्येक नावापुढे खूण करत होते. रात्री ते आपला फोन तपासायचे. हरकत नोंदली गेली की पाहुण्यालाही कळवतात.

एकविसाव्या दिवशी त्यांनी शलाकाला फोन केला.

“काय म्हणतेस?”

“बरं आहे, बाबा. ओवीची परीक्षा चाललीय. तुम्ही येताय ना दुसऱ्या शुक्रवारी?”

“येऊ का?”

“हे काय विचारणं झालं? घर तुमचंच आहे. या ना.”

“नाही, तुमची अडचण व्हायची.”

“काहीतरीच तुमचं. निखिलेशही परवा विचारत होता, बाबा कधी येणार म्हणून.”

इथे आयोगाच्या शास्त्रज्ञांची एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला यंत्र माणसांचं बोलणं जसंच्या तसं धरायचं. महाराष्ट्रातले आकडे जुळेनात. लोक ‘या ना, राहा ना चार दिवस, जेवल्याशिवाय जायचं नाही’ म्हणत होते, आणि त्याच मिनिटाला मनगटावरची पट्टी वेगळंच सांगत होती. पाहुण्याच्या मुक्कामात झोप तासाभराने घटायची आणि तो रिक्षात बसला की नाडी ताळ्यावर यायची. तेव्हा शास्त्रज्ञांनी या प्रांतासाठी ‘आग्रह वजावट’ बसवली. आमंत्रणाच्या शब्दांचं वजन पाचवा हिस्सा. शेकडो वर्षं पंगतीत ज्याला पोटाने तोंड दिलं, त्याला विज्ञानाने गणिताने तोंड दिलं. वजावट बरोबर होती की चूक, यावर तज्ज्ञांत वाद होता. सरोदेंनी तो वाद पूर्ण वाचला होता आणि त्यांची सगळी आशा ‘चूक’ म्हणणाऱ्या तिघा तज्ज्ञांवर होती.

“शलाका,” ते म्हणाले, “तुला काही कागदपत्र आलं होतं का? आयोगाकडून?”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला.

“असेल आलं. किती येतात, बाबा. बघायचं राहिलंय. ओवी, खाली उतर बघू आधी! बाबा, मी करते नंतर फोन, हं?”

तिने नंतर फोन केला. लोणच्याच्या फोडी कोणत्या आंब्याच्या घालायच्या, यावर ती पंधरा मिनिटं बोलली. आयोगाचं नाव निघालं नाही. सरोदेंनीही काढलं नाही. चौतीस वर्षं कुठे, कधी, का विचारणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारता येईना.

तिसावा दिवस सोमवारी होता. मुदत मध्यरात्री संपत होती. सरोदे बाराला पाच कमी असेपर्यंत जागे राहिले, मग फोन उशाखाली सारला आणि झोपल्याचं सोंग घेतलं. घरात दुसरं कोणी नसताना सोंग कोणासाठी, हे त्यांनाच ठाऊक.

त्या शुक्रवारी ते गेले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. शलाकाला सांगितलं, समितीची फार कामं आहेत. ती म्हणाली, तब्येत सांभाळा, जमेल तेव्हा या.

दुसऱ्या मोजणीत गाडी रेषेच्या तीस एककं वर गेली. तीन वर्षांचा निधी मिळाला. त्यात अट एकच होती: मोजणी चालूच राहील, आणि आकडा पुन्हा खाली आला तर निधी मध्येच थांबेल. सावरखेड स्टेशनवर ढोलताशे लागले, इंजिनाला हार घातला. झांबडशेठनी भाषणात जाहीर केलं की समितीतर्फे विश्राम सरोदेंना सुरतपर्यंतचा आजन्म पास देण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. सरोदेंनी पास दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्याशिवाय त्या पासाचं दुसरं काय करता येणार होतं?

गर्दी पांगल्यावर इंदू खंडारे जवळ आली.

“भाऊ, एक इचारू?”

“विचारा.”

“तुमी बी तं दर महिन्याले जात व्हते. सात महिने झाले, गेले नाही.”

“समितीची कामं होती.”

“हं. कामं.” ती त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे बघत होती. “तुमचा कितीचा व्हता?”

सरोदेंनी इकडेतिकडे पाहिलं. “एकतीस.”

“बाप्पा!” इंदूने तोंडावर हात घेतला. मग ती हसली, आधी हळू आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आन् माह्या बारासाठी दोघं जणं चालत आले व्हते!” पदराने डोळे पुसून ती म्हणाली, “जाऊन पाहा ना एकदा. न सांगता. सांगून गेलं की सारे गोडच बोलतात. मी गेली असती, पण मले हिंमत नाही. तुमी मोठे मानूस, तुमाले एकतीस पचले, अजून काय व्हनार?”

ती टोमणा मारत होती, पण सरोदेंना त्यात सल्ला दिसला.

स्वतःच्या नावावर जाणं शक्य नव्हतं. एकतीस वजा झाले की गाडी रेषेच्या एकाने खाली. त्यांनी बोदडेला गाठलं. बोदडे साड्यांचा व्यापारी, महिन्यातून दोनदा सुरतला जाणारा, अधिक एकोणीसवाला. बोदडेचा फोन, बोदडेची मनगटपट्टी आणि बोदडेचं तिकीट घेऊन सरोदे निघाले. मोबदला म्हणून येताना साड्यांचे दोन गठ्ठे आणायचे ठरले. बोदडे चार दिवस घरात फोनविना बसला आणि त्याची बायको म्हणाली, असं वरचेवर करा.

शनिवारी सकाळी दहाला त्यांनी शलाकाच्या दाराची बेल वाजवली.

दार उघडलं. शलाकाच्या हाताला कणीक लागलेली होती. ओठांवर कुठल्याशा गाण्याची ओळ होती, ती अर्ध्यात थांबली. तिने वडिलांकडे पाहिलं. तेव्हा जे चेहऱ्यावर आलं ते फार वेळ टिकलं नाही, फार तर एक सेकंद. मग हसू आलं आणि ‘अय्या, बाबा! या ना!’ आलं. पण सरोदेंनी आयुष्यभर खिडकीतून चेहरे पाहिले होते. खोटं सर्टिफिकेट दाखवून सवलत मागणारा माणूस तिकीट हातात पडेपर्यंत कसा दिसतो, हे त्यांना पाठ होतं. तो एक सेकंद त्यांना पुरला.

“कळवायचं नाही का, बाबा? निखिलेश आताच बाहेर गेला. बसा, चहा टाकते. दूध...”

“शलाका,” सरोदे दारातच उभे होते. “ते बटण तू का दाबलं नाहीस?”

तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

“दाबणार होते,” ती म्हणाली. “रोज रात्री उघडत होते ते पान. खोटं वाटेल तुम्हाला. तीसही दिवस उघडलं. त्याच्यावर शपथ होती, बाबा. ‘माझ्या घराचं भलं होतं.’ अंगठा तिथवर न्यायचे...”

“आणि?”

“होत नाही ना पण.” आता ती रडत होती, पण थांबत नव्हती. “तुम्ही वाईट नाही, बाबा. तुम्ही कधी आवाजही चढवत नाही. पण तुम्ही आलात की दूध किती घेता, निखिलेश काल साडेआठला आला मग आज सव्वानऊ का, ओवीला गणितात दोन मार्क कुठे गेले, ही वाटी कधी फुटली. अख्खा दिवस. मला माझ्याच घरात तिकिटाच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटतं. आई असताना ती मध्ये असायची. ती सगळी उत्तरं द्यायची.”

सरोदेंना विचारायचं होतं, मग आधी का सांगितलं नाहीस. तोंडात आलेला तो प्रश्न होता, म्हणून त्यांनी तो गिळला.

“तुम्ही येत जाऊ नका, असं मी कधी म्हटलं नाही,” शलाका म्हणाली.

“नाही. म्हटलं नाहीस.”

सरोदे वळून निघालेही असते. पण परतीची गाडी सोमवारी संध्याकाळी होती. निधी आठवड्याला तीनच फेऱ्यांचा मंजूर झाला होता, आणि त्या तिन्हींसाठी त्यांनीच अर्ज लिहिला होता. लॉजवर उतरावं तर जावयाची बेअब्रू. तेव्हा जे बोलून झालं होतं ते मध्ये ठेवून दोघांना अडीच दिवस त्या दोन खोल्यांत काढायचे होते.

ते आत आले. चहा पुढे आला, त्यांनी घेतला. साखर जास्त होती. ते काही बोलले नाहीत.

दुपारी निखिलेश आला. कधी आला हे त्यांनी घड्याळात पाहिलं नाही. ओवीने प्रगतिपुस्तक आणून दाखवलं, त्यांनी ते बंदच हातात धरलं आणि ‘छान’ म्हणाले. रविवारी शेजारीण आली, त्यांनी तिचं गाव विचारलं नाही. जेवताना आमटीत मीठ कमी होतं. त्यांनी ताटातलं मीठ कालवून घेतलं. रात्री नळ ठिबकत होता. कधीपासून, प्लंबरला सांगितलं का, किती मागतो, असे तीन प्रश्न ओळीने उभे राहिले. त्यांनी एकाचीही खिडकी उघडली नाही. उशीत तोंड खुपसून ते ठिबकणं मोजत राहिले आणि मग तेही सोडलं.

सोमवारी सकाळी ओवीने विचारलं, “आजोबा, तुम्हाला बरं नाही का?”

“बरं आहे.”

“मग तुम्ही कोणासारखे बसलाय?”

त्यांनी तिचे केस सारखे केले. नंतर ओवी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. याआधी ती असं कधी झोपली नव्हती.

संध्याकाळी शलाका स्टेशनवर पोचवायला आली. साड्यांचे गठ्ठे तिनेच बाकाखाली सरकवले. हे कोणाचे, असं तिने विचारलं तेव्हा सरोदे म्हणाले, एकाचे. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. तिचा चेहरा मोकळा होता, झोप झालेल्या माणसाचा. सरोदेंनी तो नीट पाहिला, खिडकीतून बघायची सवय होतीच. त्यात आग्रह नव्हता, लाज नव्हती, शनिवारचा तो सेकंदही नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “खरं सांगू? रागावू नका. इतकी वर्षं तुम्ही येताय, पण या वेळी खूप बरं वाटलं.”

गाडीने हिसका दिला. ती गजाबरोबर चार पावलं चालली, आणि मनापासून, अगदी मनापासून म्हणाली, “पुढच्या वेळीही असेच या.”